ऐकल्याशिवाय सूतक नाही

तुम्ही खोटं बोललात. पोर द्यायच्या बैठकीला तुम्ही मधोमध बसला होतात, पाठीशी लोड होता, आणि विडा एका गालात सारून तुम्ही गंगव्वाला म्हणालात, "अगं, पोर काय परमुलखात चाललंय? थोरल्या दिराच्याच घरात तर देतीस. घर बदलतंय, बाकी काय बदलतंय?" तुमचं नाव इथं घ्यायचं नाही. तुमची नातवंडं आता कचेऱ्यांत खुर्चीवर बसतात, त्यांना उगाच मान खाली घालायला लागेल. पण सगळं बदलतं हे तुम्हाला ठाऊक होतं. उठताना तुम्हीच त्या पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून गंगव्वाकडं बोट केलंत. "आजपासून हिला काकू म्हणायचं. आई ती, तिकडं बसलीय." पोर दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिलं. तुम्ही हसलात, पिंक टाकलीत आणि घरी गेलात.

त्या पोराचं नाव बसवंत. तुम्ही घरी गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हाची ही गोष्ट.

एकोणसाठ सालचा वैशाख. होसकोट्याचं तळं आटून भेगाळलं होतं. तळ्याच्या अंगाला मल्लाप्पाचा तुतीचा मळा. मल्लाप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ दोघं बेळगावकडनं पोटामागं इकडं दक्षिणेत आलेले. धाकटा इथल्या शहरात, शिवाजीनगरात हमाली करता करता मेला, मागं गंगव्वा आणि दोन पोरं. थोरला यल्लाप्पा तिच्यापाशी राहिला, धाकटा बसवंत इकडं दिला. मल्लाप्पानं तुती लावली, रेशमाचे किडे पाळले, चार खणांचं घर बांधलं आणि त्याच्या दुप्पट लांबीचं किड्यांचं घर बांधलं.

किडे चौथ्या ज्वरातनं उठले होते. किडा कात टाकतो त्याला इकडं ज्वरच म्हणतात. चौथ्या ज्वरानंतर त्याची भूक सुटते ती सात दिवस माणसाला पाठ टेकू देत नाही. बांबूचे गोल तट्टे एकावर एक दहा, अशा सहा उतरंडी. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या बुडाशी पाण्याची वाटी. दाराला ओलं गोणपाट. आत शंभर म्हाताऱ्या सुपारी कातरत बसल्यागत पाला खाल्ल्याचा आवाज. बसवंत त्यातच जेवायचा, त्यातच निजायचा. त्याची बोटं तुतीच्या चिकानं काळी पडली होती, नखांच्या मुळाशी चिरा गेल्या होत्या. पाला तोडायचा, पुसायचा, तट्ट्यावर पसरायचा, खालची घाण काढायची, पुन्हा पाला तोडायचा. यंदा मळ्यातला पाला पुरणार नव्हता. फांद्यांना शेंड्याला तेवढी चार पानं, तीही करपलेली.

शिवाजीनगराहून आलेल्या एका गाडीवाल्यानं सांगितलं होतं, गंगव्वा अंथरुणाला खिळलीय. जन्मभर वाण्याच्या वखारीत मिरच्या कांडल्या, आता खोकल्यातनं रक्त पडतंय.

बसवंतनं पाल्याची पाटी उतरवली आणि मल्लाप्पासमोर उभा राहिला.

"अप्पा, काकूला बघून येतो. सकाळच्या बसनं जातो, सांजेला परत."

मल्लाप्पा तट्टा दोन्ही हातांवर तोलून धरून किड्यांकडं बघत होता. "आता? किड्यांना काय सांगू, बसवंत गावाला गेलाय, उपाशी ऱ्हावा?"

"परसू आहे की. सुट्टी आहे त्याला."

आतून मल्लाप्पाची बायको, परसूची आई चंपा बाहेर आली. गोरी, ठसठशीत बाई, पदर कमरेला खोचलेला. "परसूला पाल्याची खाज उठते, ठाऊक नाही तुला? आणि एवढं काय मेलं, म्हातारी आज जातीय काय? खोकला आहे, खोकला. चार दिवस थांब. किडे चंद्रिकेवर चढले की जा, पायजे तर आठ दिवस ऱ्हा. मी कधी नको म्हटलंय?"

चंद्रिका म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची जाळी. किडा पिकला, अंगानं पिवळसर झाला, की त्याला हातानं उचलून तिच्यावर सोडायचा, तिथं तो कोष विणतो. पिकला की थांबत नाही. तीन-चार तासांत उचलला नाही तर पाल्यात, घाणीत, कुठंही विणतो आणि कोष मातीमोल होतो.

"सरी, जात नाही," बसवंत म्हणाला. आणि पाटी घेऊन मळ्यात गेला. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. दिलेलं पोर नाही म्हणत नसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं होतं.

दत्तक आल्यावर पहिली दोन वर्षं चंपानं त्याला पोटाशी घेऊन निजवलं, हे खोटं नाही. दुधावरची साय त्याच्या बोटाला लावायची. मग तिला दिवस गेले. सगळ्या गावानं सांगितलं, पोराचा पायगुण. त्याच पायगुणाच्या पोराचं अंथरूण परसू जन्मला त्या आठवड्यात किड्यांच्या घरात गेलं. "स्वल्प दिवस," चंपा म्हणाली होती. ते अंथरूण परत आलं नाही.

सात वर्षांचा बसवंत पाळण्यातल्या परसूला चिमटा काढायचा. पोर कळवळून रडलं की स्वतःच झोका द्यायचा, ओव्या म्हणायचा, आणि चंपा धावत येऊन म्हणायची, "किती माया ग माझ्या लेकराची!" तेवढ्या एका वाक्यासाठी त्यानं कितीतरी चिमटे काढले. पुढं चिमटे सुटले, झोका तेवढा राहिला. परसूला खांद्यावर घेऊन तोच शाळेत सोडायचा. परसूला बोलताना अडखळायला व्हायचं, पोरं चिडवायची, तर बसवंतनं एकदा दोघांना तळ्यात बुचकळून काढलं होतं.

पण पोटचं असून परसू काय सुखात वाढला? चंपा त्याला घास भरवताना म्हणायची, "खा, नाहीतर वाटेकरी खाईल." अभ्यासाला बसवताना, "शीक, नाहीतर सगळा मळा वाटेकरी नेईल." वाटेकरी म्हणजे कोण, हे पोराला चार वर्षांचा असताना कळलं. ज्याच्या खांद्यावर बसायचं, त्यालाच भ्यायचं. बारा वर्षांपर्यंत अंथरूण ओलं करायचा. सतरा पुरी झाली तरी परीक्षेच्या सकाळी ओकायचा. कुणी साधं "जेवलास का?" विचारलं तरी आधी आईच्या तोंडाकडं बघायचा. त्या घरात दोन पोरं वाढली. एकाला नाही म्हणता येत नव्हतं, दुसऱ्याला काहीच म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाला पुसायला रोज येणारी एक मजुरीण दारात थांबली. आत येईना.

"काय ग?" चंपानं विचारलं.

"अव्वा, माझ्या चुलत सासऱ्याचं कळलं रात्री. मालूरकडं. वारला म्हणं."

चंपा दोन पावलं मागं सरली. "ऐकलंस तू? तुझ्या कानानं?"

"ऐकलंच की. कान आहेत मेले."

"मग उंबऱ्याच्या आत नको. दहा दिवस फिरकू नको इकडं. सूतकाचा हात लागला तर किडा पाण्यागत फुटतो, मागल्या वर्षी त्या वरच्या आळीत झालं की." मजुरीण वळली तसं चंपा जराशा मऊ आवाजात म्हणाली, "कशाला बोललीस ग? ऐकल्याशिवाय सूतक नसतं. चार दिवसांनी ऐकलं असतंस, तर तुझीपण मजुरी पडली असती, माझापण पाला पुसला असता."

"चार दिवसांनी पत्ता विचारत येतंय व्हय मरण?" मजुरीण म्हणाली आणि गेली.

बसवंतनं हे ऐकलं. परसूनंही ऐकलं. तो उंबऱ्यावर बसून खांबाच्या वाट्यांत पाणी घालत होता.

सहाव्या दिवशी मळ्यातला पाला संपला. मल्लाप्पानं बसवंतला बैलगाडी देऊन होसकोट्याला पाला आणायला धाडलं. "बेग ये, उशीर नको. उद्या-परवा पिकतील. एक वेळचा पाला चुकला तर कोष पातळ पडतो."

पाला भरून तो निघाला, तर बाजाराच्या तोंडाशी शिवाजीनगरची बस उभी होती. कंडक्टर उपेंद्र चहाची बशी तोंडाला लावून पायरीवर बसला होता. यल्लाप्पाच्या गल्लीतच राहायचा तो, दोघा भावांना ओळखायचा. बसवंतला बघून त्यानं बशी खाली ठेवली.

"काय रे बसवंत. तिसरा दिवस आज. मातीला नाही आलास ते नाही, निदान राख सावडायला तरी यायचंस."

"कुणाची?"

उपेंद्र त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला आपण काय केलं ते कळलं. "देवा," तो म्हणाला. "तुला ठाऊक नाही?"

बसवंतनं गाडीतल्या पाल्यावर ओलं गोणपाट टाकलं. चारी कोपरे नीट दाबले. बैल सोडून सावलीला बांधले. हे सगळं त्यानं केलं, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं. मग बसमध्ये चढला. उपेंद्रनं तिकीट फाडलं नाही.

शिवाजीनगरात यल्लाप्पा खोलीच्या दारात पोत्यावर बसला होता. डोकं गुळगुळीत. सायकलच्या दुकानातलं ग्रीस अजून मनगटाला होतं. धाकट्या भावाला बघून तो उठला नाही.

"या. मळेवाले आले. किडे जेवले काय तुमचे?"

"यल्लण्णा..."

"अण्णा म्हणू नको. मी चुलत. तू दिलेला." तो थुंकला. "दोनदा आलो रे मी. दुकानाचा खाडा करून, सायकल मारत. एकदा ती होती तेव्हा आलो. म्हणत होती, एकदा बसवंतला बघीन. तुझा परसू कुंपणापाशी म्हणाला, अण्णा तळ्याकडं गेलाय, सांगतो. दुसऱ्यांदा ती गेल्यावर आलो. पहाटे गेली, तिरडी दारात ठेवून आलो."

"मला कुणी..."

"ऐक! आता तरी ऐक. मी म्हटलं, परसू, काकू... एवढंच म्हटलं. तर त्या पोरानं दोन्ही हात कानावर ठेवले. असे. डोळे मिटले आणि मान हलवायला लागला. मी ओरडायला लागलो, काकू गेली रे, बसवंतला सांग. तर तुझी आई, चंपा, आतनं म्हणते, 'ओरडू नको बाबा, किडे भितात.'" यल्लाप्पाचा आवाज फाटला. "किडे भितात! मला वाटलं तू आत आहेस. ऐकून गप बसलायस."

"मी मागं होतो. पाला तोडत होतो." बसवंतचा आवाज त्यालाच लांबून आल्यागत वाटला. "मला परवा परसूनं ताक आणून दिलं मळ्यात. कधी आणत नाही. म्हटलं, आज काय रे? तर रडायला लागला. म्हणाला, ऊन लागलं."

यल्लाप्पानं अंग चोरून पोत्यावर त्याला जागा केली. गल्लीतला नळ ठिबकत होता.

"काय म्हणाली ती?" बसवंतनं विचारलं. "शेवटी."

"काही नाही. खोकली. माणसं मरताना बोलत नाहीत, खोकतात." यल्लाप्पानं तोंडावरनं हात फिरवला. "डोकं करणार काय तू? न्हाव्याला बोलावतो. पण ते वडीलधारे म्हणतील, दिलेल्याला अधिकार नाही."

"नको," बसवंत म्हणाला. "डोकं नको. त्यांनी म्हणायला पायजे, अधिकार नाही म्हणून? मी दुसरं करतो."

दुपारच्या बसनं तो परतला. होसकोट्याला बैल जुंपले. पाला कोमेजून काळा पडला होता. तो तसाच गाडीत ठेवून त्यानं गाडी हाकली. गावाबाहेरच्या विहिरीशी थांबला, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दोन घागरी डोक्यावर ओतून घेतल्या. मरण ऐकलं की माणूस असा न्हातो. रस्त्यानं ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला लागलं नाही. बाया बाजूला सरल्या. कुणीतरी विचारलं, "कोण रे?" तो बोलला नाही. पहिल्यांदा कुठं बोलायचं, ते त्यानं ठरवलं होतं.

घरात धावपळ माजली होती. वैशाखाच्या उन्हानं किडे एक दिवस आधी पिकले. तट्ट्यांवर पिवळे, पारदर्शक, डोकी वर करून हलवत होते, तोंडातनं रेशमाची तार सुटायला लागली होती. मल्लाप्पा, चंपा, परसू आणि रोजानं आणलेल्या चार बाया वाकून एकेक किडा उचलत होते, चंद्रिकेवर सोडत होते. साठांतले आठ तट्टे झाले होते.

"आलास?" मल्लाप्पानं वर न बघता हाक दिली. "पाला ऱ्हाऊ दे, आता पाला नको, हात धू आणि ये, पिकलं सगळं, ये लवकर..."

मग त्यानं वर बघितलं.

बसवंत दारात उभा होता. धोतरातनं पाणी गळत होतं. उंबऱ्यावर ओल पसरत चालली होती.

चार बायांचे हात जागच्या जागी थांबले. त्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगबाई."

चंपाला सगळ्यांआधी कळलं. ती तट्ट्यांच्या मधून आडवी धावत आली. "विहिरीत पडलास काय रे? उन्हाचं न्हालास होय? बरं केलंस. जा, कोरडं नेस. बोलू नको आता काही. मागनं बोल. चार तास, बसवंता, फक्त चार तास."

"कशाचे चार तास, आई?"

"तुझ्या पाया पडते. बोलू नको." तिनं खरंच हात जोडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मल्लाप्पा मागं उभा होता, हातात एक पिकलेला किडा, त्याची तार म्हाताऱ्याच्या अंगठ्याला गुंडाळली जात होती.

"पोरा, वर्षाचं आहे हे," मल्लाप्पा म्हणाला. "तुझंच आहे. तुझ्या हातचं आहे सगळं. स्वतःच्या हातानं..."

"माझ्याच हातचं आहे," बसवंत म्हणाला. "म्हणूनच." आणि मग बाहेरच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून तो बोलला, "गंगव्वा मेली. माझी आई मेली. आज तिसरा दिवस. ऐकलं सगळ्यांनी?"

बायांनी पाट्या खाली ठेवल्या. म्हातारीनं बोटाला चिकटलेला किडा अलगद सोडवून तट्ट्यावर ठेवला, पदर सावरला, आणि बसवंतच्या ओल्या अंगाला न शिवता एकेक करून चौघी बाहेर पडल्या. आता त्या गावातली एक बाई या उंबऱ्याच्या आत यायची नव्हती. आणि घरातल्यांनी किड्याला हात लावला, तर हे कोष हातात धरायलाही कुणी गिऱ्हाईक यायचं नव्हतं.

"झालं समाधान?" चंपा किंचाळली. "दूध पाजलं तुला! पोटाशी घेतलं! विंचू रे, विंचू!"

"दोन वर्षं घेतलंस. मोजून."

"ऐकलंच नव्हतं आम्ही! आत्ता कळलं, तुझ्या तोंडून. देवाशपथ. ऐकल्याशिवाय सूतक नसतं. आम्ही काय पाप केलं?"

"ऐकलं नव्हतं?"

"नव्हतं!"

बसवंतनं तिच्याकडं बघणं सोडलं. तो उंबरा ओलांडून आत आला. परसू तिसऱ्या उतरंडीच्या आडोशाला उभा होता, तोंडाचा रंग उडालेला, ओठ हलत होते. बसवंतला येताना बघून त्याचे दोन्ही हात कानांकडं निघाले. बसवंतनं ते मध्येच धरले. त्या मनगटांची त्याला सवय होती. ताप आला की याच मनगटावर तो बोट ठेवून बसायचा. आता तिथली नाडी पाखराच्या उरासारखी उडत होती. त्याला ते कळत होतं. त्यानं पकड ढिली केली नाही.

"सोड त्याला!" मल्लाप्पा पुढं आला. "त्याचं काय, पोर आहे ते. जे सांगितलं ते केलं."

"सतरा वर्षांचा आहे. मी पाच वर्षांचा होतो, तेव्हा मला कुणी पोर म्हटलं नाही."

"अ... अण्णा," परसूच्या तोंडातनं कसंबसं निघालं.

"व्हय, मी अण्णा. आता नीट ऐक. तुझी आई म्हणते, आज कळलं. मग तीन दिवस मी माझ्या आईसाठी रडलो नाही ते माझं पाप, तुमच्यावर काही नाही, सगळे धुतल्या तांदळासारखे. आणि परवाच कळलं असेल तर तीन दिवस सूतकाच्या हातांनी तुम्ही किड्यांना पाला घातलाय, आणि एक किडा फुटलेला नाही. मग ती मजुरीण का हाकलली? मला का नाही सोडलं? दोन्हीपैकी एकच खरं आहे."

भोवती तट्ट्यांवर किडे विणायला लागले होते. पाल्यात, घाणीत, एकमेकांच्या अंगावर, जिथं जागा मिळेल तिथं. पांढरी जाळी सगळीकडं धरत चालली होती. चंपा तोंडात पदर कोंबून ते बघत होती.

परसूनं तिच्याकडं बघितलं.

"तिकडं नाही," बसवंत म्हणाला. "ती नाही सांगणार तुला. अप्पा नाही सांगणार. आज तुझ्या तोंडात कुणी घास घालणार नाही. माझ्याकडं बघ. किडे जाऊ दे, मळा जाऊ दे, सगळा मळा तुलाच ठेव. मला फक्त सांग, परसू. यल्लण्णा दारात ओरडत होता तेव्हा तुझे हात कानावर होते. तरी ऐकलंस की नाही?"